शनिवारची रत्नक्का

दोन वर्षं मी जिला माझी सीनियर समजत होते, तिचं नाव विद्यापीठाच्या एकाही यादीत नव्हतं.

मी तीन वेळा शोधलं. आधी रत्ना शिंदे, मग शिंदे रत्ना, मग इकडच्या, कर्नाटकातल्या पद्धतीनं एस. रत्ना. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, कन्नड, इंग्रजी, अगदी ग्रंथालयशास्त्रसुद्धा. ऑफिसातल्या क्लार्कनं माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "या नावाची मुलगी इथे कधी नव्हतीच."

जिच्या मागोमाग मी दर शनिवारी शाळेत जात होते, मुलांशी कसं बोलायचं हे जिच्याकडे बघून शिकले होते, ती मग होती तरी कोण?

आज तिच्याबद्दल लिहायला बसले तरी तो धक्का पुरता ओसरलेला नाही. फक्त तो नेमका कशाचा होता, याबद्दलचं माझं मत बदललं आहे.

मी पुण्याहून बेंगळुरूला एम.ए. करायला आले होते. विद्यापीठात विद्यार्थ्यांचा एक गट होता. के. आर. पुरमच्या पलीकडे एक सरकारी कन्नड शाळा आहे, तिथे हा गट दर शनिवारी जायचा आणि पाचवी ते सातवीच्या मुलांना नाटकातून शिकवायचा. नाटक शिकवायचं नाही, नाटकातून शिकवायचं. अपूर्णांक, पाणी, जुने राजे, वर्गातली भांडणं, काय वाटेल ते. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून साडेसातला विद्यापीठाच्या फाटकावरून व्हॅन सुटायची. पहिल्या दिवशी मी धावतपळत पोचले, तर फाटकाच्या बाहेर फुलवालीजवळ एक मुलगी उभी होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, वेणीत वीतभर गजरा, खांद्याला कापडी पिशवी. ओढणीला दोन-तीन रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. मी फोनवर आईशी बोलत होते ते तिनं ऐकलं असावं.

"पुण्याची काय?" तिनं विचारलं.

"हो. तूही मराठी?"

"आमी इथलेच. चारशे वर्षं झाली. पूर्वज घोड्यावर बसून आले, परत जायला घोडा गावला नाही." एवढं बोलून ती व्हॅनमध्ये चढली आणि मागच्या सीटवर सरकून तिनं मला जागा केली. "बस. स्वल्प पाय जवळ घे, खाली खडूचा डबा हाय."

तिच्या मराठीला आम्ही पुण्या-मुंबईकडचे दोघं-तिघं सुरुवातीला हसायचो. 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे जरा, हे तिच्या वाक्यावाक्याला यायचे. तिला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, "तुमचं मराठी इंग्रजीनं भरलंय, आमचं कन्नडनं. आमचं निदान शेजाऱ्याला तरी कळतं."

मुलं तिला रत्नक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

शाळेत पोचलं की ती आधी पटांगणात खडूनं एक मोठं वर्तुळ काढायची. एका फटक्यात, न थांबता, आणि ते जवळजवळ गोल यायचं. वर्तुळाच्या आत कोणीही काहीही होऊ शकतं, बाहेर आलं की आपण आपले, एवढाच नियम. ती स्वतः कधी खुर्चीवर बसली नाही. मुलांना कधी "छान" म्हणाली नाही. आम्ही सारखे टाळ्या वाजवायचो, "सुपर, सुपर" करायचो. ती फक्त विचारायची, "मग पुढे काय झालं?" आणि मूल विचारात पडायचं, कारण पुढे काय झालं हे त्यालाच ठरवायचं असायचं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारची गोष्ट. तिनं मुलांना सांगितलं, वर्गात बाई येतात ते करून दाखवा. सात मुलं एकामागून एक आत आली आणि सातही जणांच्या हातात पट्टी होती. कोणाची खरी, कोणाची काठी, एकानं नुसताच हात ताठ धरला होता. प्रत्येकानं येऊन आधी कोणाला तरी मारलं आणि मग फळ्याकडे वळला. मुलं पोट धरधरून हसत होती. आणि मुख्याध्यापिका शारदम्मा मिस व्हरांड्याच्या खांबाशी उभ्या राहून हे बघत होत्या. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, करड्या केसांची, कडक बाई. मला वाटलं, झालं, आजच आपली हकालपट्टी.

रत्नक्कानं वळून त्यांच्याकडे बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "मिस, एक मूल कमी पडतंय. येता का?"

शारदम्मा मिसनी चष्मा काढून ब्लाउजला अडकवला, पायऱ्या उतरल्या आणि वर्तुळात मुलांच्या रांगेत मांडी घालून बसल्या. बाई झालेली पाचवीतली मुलगी होती दीपा. उत्तर कर्नाटकातल्या यादगीरकडून आलेल्या गवंडीकाम करणाऱ्या घरातली, हडकुळी, मोठ्या डोळ्यांची. तिनं पट्टी आपटली आणि म्हणाली, "हात पुढे कर."

मिसनी हात पुढे केला.

दीपानं पट्टी उगारली. ती तशीच वर राहिली. समोरचा हात सुरकुतलेला होता, त्यात दोन बांगड्या होत्या. दीपा त्या हाताकडे बघत राहिली. मग पट्टी पाठीमागे लपवून तिनं हळूच विचारलं, "घरचा अभ्यास का नाही केलास? घरी लाईट नव्हती का?"

मिस म्हणाल्या, "नव्हती, मिस." आणि उठून, चष्मा घालून आपल्या खोलीत गेल्या.

त्यानंतर शाळेतल्या पट्ट्या बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. गणिताच्या सरांची चालूच होती. पण शारदम्मा मिसच्या टेबलावरची लाकडी पट्टी त्या दिवसानंतर मला दिसली नाही.

रत्नक्का तशी अबोलच. व्हॅनमध्ये आम्ही आमच्या सेमिनारबद्दल, सरांबद्दल बडबड करायचो आणि ती कान देऊन ऐकायची. मध्येच विचारायची, "मग सर काय म्हणाले?" सरांनी काय सांगितलं ते मला धड आठवायचं नाही आणि ती नाराज व्हायची. माझ्या कार्डावर ती लायब्ररीची पुस्तकं मागायची. मी आणून द्यायचे. पुढच्या शनिवारी ती पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत यायची. कोणी विचारलं, "तू कुठल्या डिपार्टमेंटला?" तर म्हणायची, "खालच्या मजल्यावर." कोणी विचारलं, "विषय काय तुझा?" तर म्हणायची, "कापड." आम्ही समजायचो, हातमागाच्या परंपरेवर वगैरे संशोधन करत असेल. पुढे मी आठवून आठवून बघितलं. ती आमच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती. आम्हीच अर्धवट उत्तर ऐकून उरलेलं आपल्या मनानं भरत होतो.

ती रागावलेली मी एकदाच बघितली. 'घर' या विषयावर मुलं काम करत होती. दीपानं त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर जेसीबी आला ती सकाळ करून दाखवली. जेसीबीचा आवाज काढता काढता ती रडायला लागली आणि कोणी थांबवेना, कारण तिलाच थांबायचं नव्हतं. आमच्या गटातल्या कार्तिकनं ते फोनवर टिपलं आणि संध्याकाळी सगळीकडे टाकलं. खाली चांगला मजकूर लिहिला होता, संवेदनशील वगैरे. आम्ही सगळ्यांनी त्याखाली लाल बदाम टाकले. मीही.

पुढच्या शनिवारी तास संपला, आम्ही व्हॅनमध्ये बसलो, तर रत्नक्का व्हॅनच्या दाराच्या पायरीवर बसली. दार लागेना.

"काय झालं?" कार्तिकनं विचारलं.

"उतर," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दीपाच्या आईला जाऊन विचारायचं, हे टाकलं तर चालेल का. नंतर व्हॅन जाईल."

"अक्का, चेहरा नीट दिसतही नाही."

"मग रडणं कशाला दिसावं?"

तो हसण्यावारी न्यायला बघत होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती उठली नाही. शेवटी कार्तिक उतरला, मीही उतरले. दीपाची आई जवळच एका इमारतीवर कामाला होती. सिमेंटनं पांढरे झालेले हात साडीला पुसत ती आली. कार्तिकनं तिला फोन दाखवला. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. आम्हाला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "माझ्यासमोर ही कधी रडत नाही."

कार्तिकनं तिथेच तो व्हिडिओ काढून टाकला. माझा बदाम मला मेसभर, खोलीभर, आठवडाभर टोचत राहिला.

आणखी एक आठवतं. नोव्हेंबरात आमच्या परीक्षा होत्या, म्हणून दोन शनिवार बंद ठेवायचं ठरलं. नंतर कळलं, रत्नक्का दोन्ही शनिवारी एकटी गेली होती, दोन बस बदलून.

मी म्हटलं, "अगं, शाळेला कळवलं होतं ना आपण?"

"शाळेला कळवलंत. मुलांना कोण कळवलं?"

तिला परीक्षा कशी नाही, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी मी गटाची सचिव झाले. मुलांचं वर्षअखेरचं नाटक दहा-बारा दिवसांवर आलं होतं आणि विद्यापीठानं नवा नियम काढला. शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, नोंदणी क्रमांक, ओळखपत्राची प्रत हवी. नियम चांगलाच होता. मी सगळ्यांची माहिती गोळा केली. रत्नक्काला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "देते, स्वल्प थांब." म्हणून मग मी स्वतःच ऑफिसात गेले आणि मघाशी सांगितलं ते घडलं.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायलाच हवं. मी रत्नक्काला फोन केला नाही. नंबर माझ्याकडे होता, फोन हातात होता. पण मी घाबरले होते आणि त्या भीतीचा हळूहळू राग होत होता. दोन वर्षं हिनं आपल्याला फसवलं. मी तिथून सरळ आमच्या कोऑर्डिनेटर मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "गौरी, एक अनोळखी बाई आपल्या नावावर दोन वर्षं लहान मुलांमध्ये वावरते आहे. उद्या काही झालं तर मी त्या आईबापांना काय सांगू?" आजही त्यांचं ते म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

शनिवारी सकाळी मॅडम स्वतः फाटकावर आल्या. रत्नक्का नेहमीसारखी फुलवालीजवळ उभी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी तिला फाटकाच्या आत कधी बघितलंच नव्हतं. मॅडम तिच्याशी इंग्रजीत बोलल्या, हळू आवाजात, दोनच मिनिटं. रत्नक्कानं मान खाली घातली नाही. "सरी, मॅडम," ती म्हणाली. मग व्हॅनच्या खिडकीशी येऊन तिनं खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"खडू हाय. मुलांची यादी हाय. दीपाला तिच्या उजवीकडच्या टोकाला उभी करू नको. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतंय, त्या टोकाला तिचा डावा कान सगळ्यांकडे होतोय. बोलायचा संकेत चुकतोय मग तिचा."

दोन वर्षं दीपा आमच्यासमोर होती. आमच्यातल्या कोणालाही हे माहीत नव्हतं.

व्हॅन निघाली. ती मागे राहिली.

शाळेत मुलांनी विचारलं, रत्नक्का कुठे? आम्ही म्हटलं, बरं नाही. म्हणजे त्या दिवशी खोटं बोललो ते आम्ही. मी शारदम्मा मिसच्या खोलीत गेले. त्यांना रीतसर सांगणं माझं काम होतं. मी पाठ केलेलं सगळं म्हटलं: की रत्ना शिंदे ही आमची विद्यार्थिनी नाही, आम्हालाही आत्ताच कळलं, आम्ही दिलगीर आहोत, यापुढे असं होणार नाही.

मिसनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मला वाटलं, माझं कन्नड कमी पडतंय. "काय माहीत होतं, मिस?"

"ती तुमची नाही ते. पहिल्याच महिन्यात येऊन सांगितलं तिनं मला. म्हणाली, मी शिकत नाही, मल्लेश्वरमला साड्यांच्या दुकानात शिलाईचं काम करते, तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही." मिसनी कपाट उघडून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत रत्नक्काच्या ओळखपत्राची प्रत होती, घरचा पत्ता, वडिलांचा फोन, दुकानमालकाचं पत्र, पोलीस ठाण्याचा शिक्का असलेला कागद. "हे सगळं मी मागितलं, तिनं पंधरा दिवसांत आणून दिलं. आता पुढचं पान बघ."

मी पान उलटलं. पुढे काहीच नव्हतं.

"तुमच्यापैकी एकाचाही कागद माझ्याकडे नाही," मिस म्हणाल्या. "मी दोनदा मागितले. तुमच्या ऑफिसनं सांगितलं, विद्यापीठाचं पत्र आहे तेवढं पुरे. दर वर्षी नवीन चेहरे येतात. नावं लक्षात राहीपर्यंत जातात. या शाळेत अनोळखी कोण होतं, सांग बघू."

मी मागची पानं उलटून दुकानमालकाच्या पत्रावरचा पत्ता उतरवून घेतला.

त्याच दुपारी मी मल्लेश्वरमला गेले. बाजारातल्या एका इमारतीत पायऱ्या उतरून तळघरात जावं लागायचं. खालचा मजला. चार बाय आठची जागा, साड्यांचे गठ्ठे आणि फॉल-पिकोच्या मशीनवर रत्नक्का. मला बघून तिनं पाय थांबवला, पण साडी मशीनखालून काढली नाही.

"बस. तेवढी ही कड होऊ दे."

कड होईपर्यंत मी शेजारच्या स्टुलावर बसून होते. तिच्या मागच्या फळीवर दोऱ्याच्या रिळांशेजारी वह्या रचलेल्या होत्या. मी एक उघडली. मी आणून दिलेल्या पुस्तकातलं आख्खं प्रकरण तिनं हातानं उतरवून घेतलं होतं. इंग्रजी ओळ, खाली पेन्सिलीनं कन्नड अर्थ, समासात मुलांची नावं: हे दीपासाठी, हे सहावीच्या मागच्या बाकासाठी. ते पुस्तक आमच्या अभ्यासक्रमात होतं. मी त्याची प्रस्तावनासुद्धा वाचलेली नव्हती.

"मीच सांगितलं मॅडमना," मी म्हणाले.

"ठाऊक हाय."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू मला का नाही विचारलंस?" तिनं दोरा दातानं तोडला. "यादीला विचारलंस, क्लार्कला विचारलंस, मॅडमला सांगितलंस. माझा नंबर होता की तुझ्याकडे."

वर रस्त्यावरून कोणी कोथिंबीर विकत चाललं होतं, त्याचा आवाज पायऱ्यांवरून खाली येत होता. मग तिनंच सांगायला सुरुवात केली, साडीची घडी घालता घालता.

ती सहावीत असताना तिच्या शाळेतही असेच विद्यार्थी यायचे. कुठल्या कॉलेजचे ते तिला आता आठवत नव्हतं. त्यांनी दोन महिने नाटक बसवलं. हिला राणीचं काम दिलं. हिच्या आईनं जुन्या साडीचा झगा शिवला. एका शनिवारी ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात रंगीत तालीम, सगळे पोशाख घालून या. पुढच्या आठवड्यात अठरा मुलं पोशाख घालून पटांगणात बसली. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही अठरा मुलं बसली.

"त्यांच्या परीक्षा असतील," ती म्हणाली. "किंवा कोर्स संपला असेल. आता कळतंय मला. वाईट नव्हते ते. मला सगळ्यांची नावं पाठ होती. त्यांना आमची होती की नाही, काय माहीत."

"आणि म्हणून तू..."

"म्हणून काही नाही. बारावीनंतर वडलांचं आजारपण आलं, मी इथे बसले. एक दिवस दुकानात कोणी तुमच्या गटाच्या नाटक-शिबिराचा कागद विसरून गेलं. 'सर्वांना प्रवेश' लिहिलं होतं. आले. सही केली. कोणी विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात व्हॅनमध्ये बसले. दर शनिवारी वाटायचं, आज विचारतील, आज उतरवतील." ती पहिल्यांदा हसली. "दोन वर्षं लागली तुमाला."

नाटकाच्या दिवशी ती आली. शारदम्मा मिसनी स्वतः फोन करून बोलावलं होतं, शाळेची पाहुणी म्हणून. ती मुलांच्या आयांमध्ये बसली होती, सतरंजीवर, मागे. मॅडमनी तिला बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. दीपाला आम्ही मधोमध उभं केलं होतं. तिचा एकही संकेत चुकला नाही. शेवटी आम्हाला प्रमाणपत्रं वाटली गेली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मी जागेवरून मागे बघितलं तेव्हा रत्नक्का एका बाईचं तान्हं मांडीवर घेऊन बसली होती, कारण त्या बाईला उभं राहून आपल्या मुलीसाठी टाळ्या वाजवायच्या होत्या.

मॅडमनी नंतर मार्ग काढला. विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी वेगळा फॉर्म, वेगळं कार्ड. मी ते घेऊन मल्लेश्वरमला गेले. रत्नक्कानं फॉर्म वाचला, घडी घातली आणि परत दिला. "मला विद्यापीठात यायचं नाही गं. शाळेत जायचंय. तिथे माझं नाव हाय."

निरोपाच्या शनिवारी मुलांनी आम्हाला घेरलं होतं. आम्ही सगळे म्हणालो, जूनमध्ये भेटू. मीही म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

जूनमध्ये आमचा कोर्स संपला होता. मला शहरातच, बेळ्ळंदूरला नोकरी लागली. मुलांसाठी शिकण्याची ॲप्स बनवणारी कंपनी, काचेची इमारत, खाली दोन तास न हलणारं ट्रॅफिक. गटातल्या नव्या मुलांना के. आर. पुरम लांब पडायला लागलं, त्यांनी विद्यापीठाजवळची शाळा धरली. हे सगळं इतक्या सहज, इतक्या समजुतीनं झालं की त्यात कोणाचा दोष काढावा असं काहीच नव्हतं. दीडेक वर्षानं ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले असताना, समोर पडद्यावर हसणाऱ्या मुलांचं चित्र लावलेलं असताना, मला एकदम कळलं की आम्हीही नेमकं तेच केलं होतं. ज्या गोष्टीची हकिगत मी त्या तळघरात स्टुलावर बसून ऐकली होती, डोळ्यांत पाणी आणून ऐकली होती, तीच गोष्ट मी घरी येऊन बिनदिक्कत केली होती. समोर कोण बोलत होतं ते मला ऐकू येईना. मी उठून बाहेर आले आणि जिन्यात बसले. तो धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता.

त्या शनिवारी मी शाळेत गेले. न कळवता. काय सांगणार होते, माहीत नाही. शारदम्मा मिस निवृत्त झालेल्या नव्हत्या, पण त्या दिवशी रजेवर होत्या. शिपायानं मला ओळखलं नाही. मी इमारतीला वळसा घालून पटांगणाकडे आले आणि जागच्या जागी थांबले.

रत्नक्का जमिनीवर उताणी पसरलेली होती. हात लांब, डोळे मिटलेले, अंगावर निळी साडी पांघरलेली. भोवती मुलं अगदी गप्प उभी. मी धावले, तर एका मुलीनं हात आडवा घालून मला अडवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अक्काला काय झालं?"

"काही नाही. अक्का आमचं तळं झाल्यात," ती कुजबुजली. "मुलं तळ्याला प्रश्न विचारतायत."

मी व्हरांड्यात मागे सरकले. मुलं रांगेत उभी होती. एकेकानं जवळ जायचं, उकिडवं बसायचं, विचारायचं. तळं डोळे न उघडता उत्तर द्यायचं.

"तुझ्यात मासे आहेत?"

"होते."

"तुझ्यावरचा पांढरा फेस कुठून येतो?"

"तुमच्या बाथरूमातून. वरच्या कारखान्यातून पण."

"तुला वास येतो का तुझाच?"

यावर तळ्याला हसू आवरावं लागलं. पोटावरची साडी हलली. मुलं हसली नाहीत, ती उत्तराची वाट बघत होती. "येतो," तळं म्हणालं. "पण मला उठून जाता येत नाही ना."

बारा वाजायच्या आधी शाळा सुटल्याची घंटा झाली. मुलं दप्तरं घ्यायला पळाली, फाटकाशी रिक्षा लागल्या, व्हरांडा रिकामा झाला. मला वाटलं, आता ती उठेल, आणि उठली की मला बघेल. मी मनातल्या मनात वाक्य जुळवायला लागले. ती उठली नाही. उन्हं तिच्या चेहऱ्यावर आली होती, तिनं मान किंचित वळवली आणि तशीच पडून राहिली. मी नीट बघितलं. रांगेच्या शेवटी एक छोटी मुलगी अजून उभी होती. दप्तर पाठीवर, एक पाय दुसऱ्या पायावर. तिला बहुतेक आपला प्रश्न आठवत नव्हता. ती आकाशाकडे बघत आठवत होती आणि तळं वाट बघत होतं.